गेडिसची इंदूरची दिवाळी

शहर म्हटले की रस्ते, बाजार, वाडे आणि कचेऱ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. झाडांची आठवण सर्वांच्या शेवटी होते. हा क्रम उलटा लावणारा एक पुरुष शतकापूर्वी इंदूरला येऊन गेला. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस (१८५४-१९३२) मूळचा स्कॉटलंडचा, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. १८८६ साली त्याने एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत सपत्नीक बिऱ्हाड केले आणि तेथील पडीक जागांत बागा फुलविण्याचा उद्योग आरंभिला. १९१४ मध्ये तो हिंदुस्थानात आला. त्या काळी नगरसुधारणा म्हणजे दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ता काढणे. त्यापायी कितीही घरे पडली तरी हरकत नाही, अशी समजूत होती. गेडिसचे म्हणणे निराळे होते. अगदी मोडकळीस आलेली तेवढीच घरे काढावी, मोकळ्या झालेल्या जागी झाड लावावे आणि लोकांना आपल्या आळीतच राहू द्यावे. आपल्या गावोगावच्या पारांचे मर्म या परक्या माणसाने अचूक ओळखले होते.

इंदूर तेव्हा प्लेगाने जर्जर झाले होते. तुकोजीराव होळकरांच्या संमतीने गेडिसने एका दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती घेतली. जेथील घरे सर्वांत स्वच्छ, जेथे झाडे लावलेली, त्याच रस्त्यांनी मिरवणूक जाईल, असे त्याने जाहीर केले. मग काय विचारता! गाड्याच्या गाड्या केर शहराबाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगाचा प्रचंड उंदीर होता, शुभ्र वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार होते, आणि मागून बागांचे रथ येत होते. त्यांवरून घरोघर तुळशीची रोपे वाटली गेली.

१९१८ साली त्याचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. खान व सरस्वती या नद्यांचे काठ स्वच्छ करून तेथे उद्याने करावी, मैला पाण्यात न सोडता बागांना खत म्हणून द्यावा, असे त्याचे आग्रहाचे सांगणे होते.

२०१७ पासून इंदुराने स्वच्छतेत देशात वारंवार पहिला मान मिळविला, ही अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु गेडिसच्या मिरवणुकीत झाडूच्या मागोमाग तुळस होती, हे विसरता कामा नये. श्रीमंताला सावली त्याच्या बंगल्यात लाभते. गरिबाची सावली रस्त्यावरच असते. रस्तारुंदीसाठी एखादा जुना वड पाडला जातो, तेव्हा ती सावली कोण भरून देणार, हे विचारणे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.