विस्मयाचीं चित्रें : पाहणें आणि जपणें

भंडारा शहराकडे आगगाडीनें निघालेला प्रवासी ज्या स्थानकावर उतरतो, त्याचें नांव भंडारा रोड. गांव मात्र वरठी. नागपूर-राजनांदगांव लोहमार्ग १८८२ पर्यंत पुरा झाला, आणि धूर सोडीत येणारी आगगाडी वरठीच्या शेतकऱ्यास ओळखीची झाली. पुढें ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. त्यांतही स्थानकांत शिरणारी एक आगगाडी होती. तिकीट एक रुपया. श्रोतेहो, मुंबईंत तर आगगाडी १८५३ पासून धांवत होती. मग जी बोरीबंदरावर फुकट दिसे, तिच्यासाठीं लोकांनीं रुपया कां मोजावा?

याचें उत्तर असें, कीं पडद्यावरची गाडी परदेशची होती. दूर देशीं घडलेली हालचाल जशीच्या तशी उचलून, जो तेथें हजर नव्हता त्याच्यापुढें ठेवितां येते, हें खरें नवल होतें. अवकाशांतून दिसणारी पृथ्वी, ज्वालामुखीचा उद्रेक, धांवपटूची अखेरची झेप यांचे व्हिडिओ आज आपण क्षणांत आप्तेष्टांकडे धाडतों. त्या हौसेचें मूळ याच नवलांत आहे. आकाश, खेळ आणि निसर्ग या तिन्ही विषयांवरील आपल्या देशांतले आरंभीचे प्रयत्न त्या खेळानंतरच्या सोळा वर्षांतच झाले.

प्रथम आकाश. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्ग, जेऊर, पुलगांव या बाजूनें बक्सरकडे सरकत गेली. विजयदुर्गीं लॉकियर आणि जेऊरास पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला दुर्बिणी रोखून सज्ज होते. खग्रास स्थिति अवघी दोनेक मिनिटें टिकणारी. इंग्लंडचे जादुगार नेव्हिल मॅस्कलिन यांनीं हिंदुस्थानांत येऊन त्या ग्रहणाचें चलच्चित्र घेतलें. पण परतीच्या प्रवासांत ती फीत चोरीस गेली. हिरमुसून न बसतां त्यांनीं १९०० सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायनांत दुसरें ग्रहण टिपलें. ती फीत लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या संग्रहांत राहिली आणि २०१९ सालीं दुरुस्त होऊन जगापुढें आली.

दुसरा विषय खेळाचा. वॉटसन हॉटेलांतल्या चित्रांनीं भारून गेलेले मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला. १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें पुंडलीक दादा व कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती त्यांनीं टिपली. फीत धुण्याची सोय येथें नव्हती. ती लंडनास धाडावी लागली.

तिसरा विषय निसर्गाचा. १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळके यांना भांडवल हवें होतें, आणि नुसत्या शब्दांवर पैसा कोण देणार? त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला व ठराविक अंतरानें एकेक चित्र घेत राहिले. तीं चित्रें सलग फिरवितांच कित्येक दिवसांची वाढ पाहतां पाहतां डोळ्यांपुढें घडली. बीज फुटलें, अंकुर वर आला, वेल चढूं लागला. जी गति मानवी डोळ्यास कधींच दिसत नाहीं, ती फाळक्यांच्या चिकाटीनें दिसली. धनिकांचा विश्वास बसला, आणि ३ मे १९१३ रोजीं कोरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला.

आतां या सर्वांचें पुढें काय झालें तें पाहूं. सावे दादांची कुस्ती आज पाहावयास मिळत नाहीं. फाळक्यांचा वाटाणाही नाहीं. त्या काळची नायट्रेटची फीत स्वभावतःच ज्वालाग्राही. शिवाय खेळ संपला कीं तिची किंमत संपली, अशी समजूत. पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं, म्हणजे त्या कुस्तीनंतर पासष्ट वर्षांनीं. आणि २००३ च्या जानेवारींत पुण्यांतच लागलेल्या आगींत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा सांठा जळाला. मॅस्कलिन यांचीं दोन ग्रहणें या दृष्टीनें बोलकीं आहेत. दोन्ही फिती एकाच कुशल हातच्या. पण एक चोरीस गेली ती गेलीच, आणि संस्थेच्या कपाटांत राहिलेली शतकानंतरही उजेडांत आली.

आज चित्र घेण्यास कोणी विलायतेहून यंत्र मागवीत नाहीं. ऑगस्ट २०२० मध्यें वैनगंगेला महापूर येऊन भंडाऱ्यांत पाणी शिरलें. तसला पूर, गांवचा शंकरपट, उन्हाळ्यांतली वावटळ हें सारें वरठीचा शाळकरी मुलगाही खिशांतल्या फोनवर टिपूं शकतो. तें घरोघर पोंचतें खरें, परंतु कोठलें, कोणत्या दिवशींचें, कोणीं घेतलेलें, हें वाटेंतच गळून पडतें. मग पुराचें पाणी कोणत्या सालीं कोठवर चढलें, हें त्या चित्रावरून कोणास सांगतां येत नाहीं. म्हणून श्रोत्यांस एवढीच विनंति, कीं असें चित्र अवश्य पुढें धाडावें. मात्र मूळ प्रत स्थळ, दिनांक आणि घेणाऱ्याचें नांव लिहून घरीं वेगळी ठेवावी, आणि जमल्यास एक प्रत गांवच्या वाचनालयास द्यावी.