गीतभांडाराचा जुना कारभारी



घरांतील गाणीं कोठें व कशीं ठेवावींत, हा प्रश्न गेलीं सव्वाशें वर्षें निरनिराळ्या रूपांनीं आपल्यापुढें उभा राहत आला आहे. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गाण्यांचें ध्वनिमुद्रण केलें, आणि तेव्हांपासून गाणें ही आपल्याकडे घरांत सांभाळून ठेवावयाची वस्तु होऊं लागली. प्रथम लाखेच्या तबकड्या आल्या, मग दीर्घकाल वाजणाऱ्या तबकड्या, मग कॅसेटी, मग सीडी. हें सर्व कपाटांत मावत असे, आणि कपाट जुनें झालें म्हणून गाणें ऐकूं येईनासें होत नसे. आतां मात्र हजारों गाणीं एका हार्ड डिस्कवर राहतात. तीं शोधून, नीट मांडून, दिवाणखान्यांतील स्पीकरपर्यंत किंवा माजघरांतील फोनपर्यंत पोंचविण्याचें काम एक सॉफ्टवेअर करीत असतें. त्यास मीडिया सर्व्हर म्हणतात. घरच्या गीतभांडाराचा तो कारभारीच होय. हा कारभारी म्हातारा झाला म्हणजे त्यास ठेवावें कीं रजा द्यावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय मजपुढें आला तो नांदेड जिल्ह्यांतील नायगांवच्या एका स्नेह्यांच्या पत्रामुळें. वडिलांनीं जमविलेलें नाट्यसंगीत, चुलत्यांनीं कॅसेटींवर उतरून घेतलेलीं कीर्तनें, आणि आजींच्या आवाजांतील तीसएक जात्यावरच्या ओव्या, असा सारा ऐवज त्यांनीं चौदा वर्षांपूर्वीं संगणकावर चढविला व ‘लॉजिटेक मीडिया सर्व्हर’ नांवाच्या सॉफ्टवेअरच्या स्वाधीन केला. आजी आतां नाहींत. ओव्यांची मूळ कॅसेटहि बुरशीनें गेली. हैदराबादेस नोकरीस असलेला मुलगा म्हणतो, “बाबा, हें बनविणाऱ्या कंपनीनें केव्हांच अंग काढून घेतलें. आतां नवें घ्या.” वडील म्हणतात, “अरे, पण चालतें आहे ना!” या वादाचा निकाल देण्यापूर्वीं त्या सॉफ्टवेअरचा इतिहास पाहणें अवश्य आहे, कारण पितापुत्रांपैकीं प्रत्येकास तो अर्धाच ठाऊक आहे.

२००० च्या सुमारास अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांत शॉन अ‍ॅडम्स यांनीं ‘स्लिम डिव्हायसेस’ ही लहानशी कंपनी काढली. २००१ मध्यें तिनें बाजारांत आणलेल्या पहिल्या यंत्राच्या पोटांत गाणीं मुळींच नव्हतीं. घरांतल्या संगणकावरून तारेनें आलेलें गाणें तें फक्त वाजवी. खरें डोकें होतें तें संगणकावरील सर्व्हरमध्यें. तो सर्व्हर पर्ल या भाषेंत लिहिलेला होता, आणि त्याची मूळ संहिता कंपनीनें सर्वांस वाचावयास व सुधारावयास खुली ठेविली होती. यंत्रें विकून पोट भरणाऱ्या कंपनीनें यंत्राचें डोकें फुकट वांटावें, हें त्या वेळीं पुष्कळांस वेडेपणाचें वाटलें असेल. पण पुढील सर्व कथा या एका गोष्टीवर टेकलेली आहे.

२००३ मध्यें ‘स्क्वीझबॉक्स’ हें यंत्र निघालें व लोकप्रिय झालें. २००६ मध्यें संगणकाचे माउस व कीबोर्ड विकणाऱ्या लॉजिटेकनें ही कंपनीच विकत घेतली, आणि २०१२ मध्यें स्क्वीझबॉक्सचें उत्पादन थांबविलें. येथें कथा संपावयाची. परंतु संहिता खुली असल्यामुळें जगभरच्या वापरणाऱ्यांपैकीं जे जाणते होते त्यांनीं काम हातीं घेतलें. दोष काढले, भर घातली, आणि रास्पबेरी पाय या पत्त्यांच्या जोडाएवढ्या स्वस्त संगणकालाहि स्क्वीझबॉक्सचें सोंग घ्यावयास शिकविलें. २०२४ च्या आरंभीं लॉजिटेकनें या यंत्रांसाठीं इंटरनेटवर चालविलेली मध्यवर्ती सेवाहि बंद केली. तेव्हां एक मोठी शिकण्यासारखी गोष्ट दिसली. ज्यांनीं घरांत सर्व्हर न ठेवतां केवळ त्या दूरच्या सेवेवर भिस्त ठेविली होती, त्यांचे पेटारे मुके झाले. बोलते करण्यास त्यांना घरीं सर्व्हर उभारणें भाग पडलें. ज्यांचा सर्व्हर घरांतच होता त्यांचें गाणें चालू राहिलें. त्याच वर्षीं सॉफ्टवेअरनें लॉजिटेकचें नांव टाकून ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ हें नांव धारण केलें. हें त्याचें पांचवें नांव असावें. इतकीं नांवें आपल्याकडे संस्थानिकांनाहि नसत.

म्हणजे पुत्र ज्याला मेला समजतो तो नांव बदलून सुखरूप आहे. आणि पिता ज्याला चालता समजतो ती त्यांच्या घरची प्रत चौदा वर्षांची शिळी आहे.

हें भाग्य सर्वांच्या वांट्यास आलें नाहीं. मायक्रोसॉफ्टनें २००७ मध्यें ‘विंडोज होम सर्व्हर’ मोठ्या गाजावाजानें काढला. घरांत सर्व्हर कशाला, असें विचारणाऱ्या मुलांसाठीं एक विनोदी चित्रमय पुस्तकहि त्या कंपनीनें प्रसिद्ध केलें होतें! अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून त्यांचें एकच मोठें कोठार करण्याची त्याची युक्ति फार वाखाणली गेली. पण आरंभींच तींत फाइली बिघडविणारा दोष निघाला; तो २००८ मध्यें दुरुस्त झाला, आणि पुढच्या आवृत्तींतून ती युक्तीच काढून टाकण्यांत आली. २०११ च्या त्या आवृत्तीचा आधार २०१६ मध्यें संपला. संहिता बंद असल्यामुळें मागें वारस राहिला नाहीं. खुल्या संहितेंतहि नेहमींच वारस टिकतो असें मात्र समजूं नये. सबसॉनिक या गायनसर्व्हरनें आपली संहिता बंद केल्यावर तिच्यापासून निघालेल्या एअरसॉनिकचें मूळ कामहि पुढें थांबलें. उलट एम्बी या सर्व्हरनें २०१८ मध्यें तेंच केलें, तेव्हां त्यांतून फुटून निघालेला जेलिफिन आज चांगला नांदतो आहे. प्लेक्स हा सर्वांत प्रसिद्ध. त्याचाहि जन्म एका खुल्या संहितेपासूनच झाला. पण त्याची आजची पद्धति मध्यवर्ती खात्यावर आधारलेली आहे. नायगांवचें इंटरनेट सायंकाळीं रुसून बसलें तर घरच्या घरीं कीर्तन ऐकण्यास परगांवची परवानगी कां लागावी, हें मला तरी समजत नाहीं. त्याच्या सेटिंगांत यावर तोड आहे हें मी जाणतों. तरी स्वभाव तो स्वभाव.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. कारभारी बदलतांना भीति कशाची वाटते? गाण्यांची नव्हे, गाणीं साध्या फाइली होत, कोणताहि सर्व्हर त्या वाजवील. भीति आहे ती वहीची. चौदा वर्षें बसून दुरुस्त केलेलीं नांवें, लावलेले क्रम, निवडलेल्या याद्या यांची जी वही सर्व्हर आपल्यापाशीं ठेवतो, ती दुसऱ्या सर्व्हरास वाचतां येत नाहीं. आणि मराठी घरांत ही वही फार कष्टानें लिहिलेली असते. एमपीथ्री फाइलींत गाण्याचें नांव लिहिण्याची पहिली सोय १९९६ मध्यें निघाली, तिच्यांत नांवास तीस बाइटांची जागा होती. आजच्या रूढ युनिकोड पद्धतीनें देवनागरीचें एकेक चिन्ह तीन बाइट खातें. म्हणजे दहा चिन्हांत नांव आटोपावयाचें! पुढील आवृत्त्यांनीं ही अडचण दूर केली, पण तोंवर पुष्कळांनीं रोमन लिपीचा आश्रय घेतला होता. मग ‘गंधर्व’ लिहितांना कोणी शेवटीं व्ही घातला, कोणी डब्ल्यू, कोणी त्यापुढें ए जोडला. आणि सर्व्हरनें एका बालगंधर्वांचे तीन गायक केले.

दुसरी अडचण रकान्यांची. ‘मानापमाना’चें पद घ्या. नाटक खाडिलकरांचें, १९११ चें, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, गाणारे बालगंधर्व. ‘कलाकार’ या एका रकान्यांत यांपैकीं कोणास बसवावें? गीतरामायणाची तर गंमतच आहे. १९५५-५६ मध्यें पुणें आकाशवाणीवरून तीं छपन्न गीतें प्रथम ध्वनिक्षेपित झालीं, तेव्हां माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे अनेक गायक होते. पुढें तीं सर्व सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजांत तबकड्यांवर आलीं. नवा सर्व्हर घाईनें वर्गवारी करूं लागला कीं या दोहोंची खिचडी होते. संगीतकारासाठीं स्वतंत्र रकाना मानणारा नायगांवचा जुना कारभारी या बाबतींत चित्रपटांकडे लक्ष ठेवून वाढलेल्या पुष्कळ तरुण सर्व्हरांहून सुज्ञ आहे. वडिलांच्या आग्रहाचें हें खरें कारण. त्यांना तें शब्दांत सांगतां आलें नाहीं, इतकेंच.

पण पुत्राच्या बाजूसहि एक जबरदस्त साक्ष आहे. लास्टपास ही लोकांचे पासवर्ड कुलुपांत ठेवण्याचा धंदा करणारी अमेरिकन कंपनी. २०२२ मध्यें तिच्याकडे चोरी झाली व ग्राहकांच्या बंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरांच्या हातीं गेल्या. तपासांत असें निघालें कीं चोर एका कर्मचाऱ्याच्या घरच्या संगणकांतून, त्यावरील मीडिया सर्व्हरच्या छिद्रांतून आंत शिरले होते. तो सर्व्हर प्लेक्स. आणि प्लेक्सच्या सांगण्याप्रमाणें तें छिद्र मे २०२० मध्येंच बुजविलें गेलें होतें. कर्मचाऱ्यानें नवी आवृत्ति घेतली नव्हती, कारण त्याचेंहि ‘चालतें आहे ना’ असेंच म्हणणें असणार. गाणें वाजविणारें सॉफ्टवेअर निरुपद्रवी असतें ही समजूत त्या दिवशीं खोटी ठरली. नायगांवच्या स्नेह्यांनीं, मुलास हैदराबादेहून ऐकतां यावें म्हणून, आपल्या राउटरमधून या चौदा वर्षांच्या सर्व्हरास बाहेरच्या जगाकडे एक दार उघडून दिलें आहे. पत्रांत हें त्यांनीं शेवटच्या ओळींत, सहज म्हणून लिहिलें आहे.

म्हणून माझें मत असें. तें दार आज सायंकाळपर्यंत बंद करावें. मुलानें चार दिवस गाण्यावांचून राहावें. सॉफ्टवेअर बदलूं नये, परंतु त्याची ताजी आवृत्ति, म्हणजे लिरियन, घ्यावी. ती जुन्या संगणकावर चढवूं नये. दुसऱ्या संगणकावर, गाण्यांची एक प्रत देऊन, महिनाभर शेजारीं शेजारीं चालवावी. तत्पूर्वीं वहींतील शक्य तेवढें फाइलींच्या अंगावरच लिहून घ्यावें: गायक, संगीतकार, नाटक, साल, आणि तें देवनागरींत. निवडक याद्या साध्या मजकुराच्या फाइली म्हणून ठेवतां येतात, त्या तशा ठेवाव्या. कोणतें गाणें किती वेळां ऐकलें याचे आंकडे बहुधा जातील. त्यांचें दुःख करूं नये.

ओव्यांना मात्र याहून अधिक हवें. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनीं महाराष्ट्रांतील हजारांहून अधिक खेड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांतील कित्येक १९९६ मध्यें आपल्या मराठवाड्यांतच, बीड जिल्ह्यांतील माजलगांवीं, ध्वनिमुद्रित झाल्या. त्या फितींवरून संगणकावर आणि २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर आल्या. इतके वास घरें बदलूनहि त्या ओळखूं येतात, कारण ओवीबरोबर गाणारणीचें नांव व गांव टिपलेलें आहे. नायगांवच्या डिस्कवर आजींच्या ओव्यांच्या फाइलींस ‘ट्रॅक एक’, ‘ट्रॅक दोन’ अशीं नांवें आहेत. त्यांवर आजींचें नांव, माहेर, सासर आणि कॅसेट भरल्याचें साल वडिलांनींच घालावें, कारण तें आतां त्यांच्याशिवाय कोणास ठाऊक नाहीं.

आणि एक प्रत नायगांवाबाहेर असावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत घरें कशीं एका क्षणांत बसलीं, हें मराठवाड्यांतल्या माणसास सांगावें लागत नाहीं. स्नेह्यांची लेक लातुरास दिली आहे. दिवाळीस ती माहेरीं येईल तेव्हां एक हार्ड डिस्क तिच्या पेटींत घालून द्यावी, आणि दरवर्षीं ती परत आणवून तिच्यावरील दोनचार ओव्या वाजवून पाहाव्या.