बालेवाडी

पुणे शहराच्या वायव्येचे, मुळा नदीकाठचे उपनगर. १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट. मुंबई–बंगळूर महामार्ग गावाला खेटून जातो. आज येथे टोलेजंग इमारती आहेत. पण हे नाव महाराष्ट्रभर पोहोचले ते श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलामुळे.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी राज्य शासनाने म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवारात सुमारे १५० एकरांवर हे संकुल उभारले. वास्तुरचनाकार शशी प्रभू. पुढे राष्ट्रकुल युवा स्पर्धा (२००८) व आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा (२०१३) येथेच झाल्या.

व्यावसायिक खेळांनी मात्र येथे बिऱ्हाड केले आणि बहुतेकांनी ते हलवलेही. ‘एफसी पुणे सिटी’ हा फुटबॉल संघ २०१४ पासून येथे खेळला, २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. चेन्नईहून २०१८ मध्ये आलेली एटीपी टेनिस स्पर्धा २०२३ नंतर हाँगकाँगला गेली. २०२२ मध्ये रोहन बोपण्णा व रामकुमार रामनाथन यांनी तिचे दुहेरी विजेतेपद मिळवले होते.

टेनिस गेल्यानंतर, २८ जानेवारी २०२४ रोजी याच संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली. सुपरक्रॉस हा मोटोक्रॉसचा, म्हणजे रानातल्या मोटारसायकल शर्यतींचा, शहरी अवतार. रानातली वाट स्टेडियमच्या कुंपणात बसवायची, ही कल्पना १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये रुजली. ट्रकांनी माती आणून उंच चढ रचतात, मध्येच लागोपाठ बुटक्या उंचवट्यांची रांग असते. फाटक पडताच सगळे स्वार पहिल्या वळणाकडे एकदम सुटतात. चढावरून उडालेली गाडी उतारावरच टेकली तर वेग टिकतो, सपाटीवर आदळली तर हादरा थेट मनगटांत. ४५० सीसीच्या गटात परदेशी स्वार, तर २५० सीसीच्या एका गटात भारतीय व आशियाई स्वार होते. आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक स्कूटर बाहेर पडलेल्या या परिसराला दुचाकीचे कौतुक नवे नाही. मात्र अशा शर्यतींसाठी कायमचा शर्यतमार्ग असता, तर ते अधिक शोभले असते.

व्यावसायिक खेळांपैकी अधिक काळ टिकली ती कबड्डी. प्रो कबड्डी लीगमध्ये २०१४ पासून खेळणाऱ्या ‘पुणेरी पलटण’ संघाचे घरचे सामने येथील बॅडमिंटन सभागृहात झाले आहेत. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून पलटणने प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद पटकावले.