वाचलेल्याचा हिशेब

आमच्या आजोळी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. मामा गेल्यानंतर ती उघडली तेव्हा आत दागिना नाही, दस्तऐवज नाही. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, वाण्याच्या दुकानात असतात तशा, नऊ लांबोड्या वह्या निघाल्या. मामींना वाटले, उधारी-उसनवारीचा हिशेब असेल. हिशेबच होता, पण पुस्तकांचा. तारीख, पुस्तकाचे नाव, पाने आणि शेरा असे चार रकाने. दर महिन्याच्या अखेरीस आडवी रेघ ओढून खाली बेरीज : पूर्ण पाच, अर्धवट दोन, सोडले एक. शेरा एका ओळीचा. कुठे 'पुन्हा वाचणे', कुठे 'प्रस्तावना उत्तम, पुढे पाणी', तर कुठे नुसते 'हरि हरि'.

त्या वेळी मला ह्या उद्योगाचे हसू आले होते. वाचन ही काय धान्याची पोती आहेत, म्हणून मोजून ठेवायची? परंतु पुढे जसजसा ग्रंथपरीक्षणाचा इतिहास चाळू लागलो, तसतसे ध्यानात येऊ लागले की, मामांचे गोत्र मोठे जुने आणि मोठे मानाचे आहे. वाचलेल्याचा हिशेब ठेवणारी माणसे नसती, तर पुष्कळ ग्रंथ नुसते विस्मरणात गेले नसते. ते होते हेच आपल्याला कळले नसते.

ह्या कुळाचा मूळपुरुष शोधायचा तर नवव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलला जावे लागते. फोटिअस नावाचा एक प्रकांड पंडित तिथे होऊन गेला. इ. स. ८५८ मध्ये तो तिथला धर्माध्यक्ष झाला, पुढे पदच्युत झाला, पुन्हा त्या पदावर चढला आणि पुन्हा उतरला. पण त्याच्या राजकारणाशी आपल्याला कर्तव्य नाही. त्याचा एक भाऊ होता, तारासिओस. वकिलातीबरोबर परमुलखी जाण्याची पाळी फोटिअसवर आली, तेव्हा ह्या भावाने मागणे केले, 'मी हजर नसताना जी पुस्तके तुम्ही वाचलीत, त्यांत काय होते ते मला लिहून द्या.' फोटिअसने लिहून दिले, आणि किती? दोनशे ऐंशी प्रकरणे! काही प्रकरणे चारदोन ओळींची, तर काही पानेच्या पाने चालणारी. ग्रंथात काय आहे, लेखकाची भाषा कशी आहे, कुठे पाल्हाळ आहे, कुठे थापा आहेत, सारे त्यात आहे. क्रमाचा मात्र पत्ता नाही. आज धर्मशास्त्र, उद्या वैद्यक, परवा एखादी अद्‌भुत कथा. खऱ्या वाचकाचे वाचन असेच असते.

ह्या खटाटोपाचे आपल्यावरही थोडे ऋण आहे. क्टेसिअस नावाचा ग्रीक वैद्य इ. स. पू. ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारी होता. त्याने हिंदुस्थानावर एक ग्रंथ लिहिला. मेगॅस्थेनिसच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा, केवळ हिंदुस्थानाविषयी असलेल्या सर्वांत जुन्या ग्रीक ग्रंथांपैकी हा एक. मूळ ग्रंथ काळाने गिळला. आज आपल्याला तो ठाऊक आहे तो मुख्यतः फोटिअसने केलेल्या सारांशावरून. त्यात कुत्र्याच्या तोंडाची माणसे आहेत, माणसाच्या चेहऱ्याचा नरभक्षक पशू आहे, आणि हे सर्व खरे असल्याची क्टेसिअसची ग्वाही आहे. फोटिअस ती ग्वाही नोंदवतो आणि ह्या गोष्टी कल्पित असल्याचेही सांगून टाकतो. पटले नाही म्हणून त्याने ते गाळले नाही. लेखकाचे म्हणणे एकीकडे आणि आपला शेरा दुसरीकडे, हे दोन रकाने त्याने एकमेकांत मिसळू दिले नाहीत. परीक्षणाचा पहिला धर्म तो हाच.

फोटिअस एका भावासाठी लिहीत होता. छापखाना आला आणि हा भाऊ हजारांनी वाढला. ५ जानेवारी १६६५ रोजी पॅरिसमध्ये दनी द सालो ह्या न्यायसभेच्या सल्लागाराने 'जुर्नाल दे सावां' नावाचे साप्ताहिक काढले. युरोपात नवीन निघणाऱ्या ग्रंथांची खबर विद्वानांना द्यावी, हा हेतू. परंतु नुसती खबर देऊन गप्प बसणे सालोच्या स्वभावात नव्हते. त्याने मते दिली, मते झोंबली, लेखक चिडले, धर्मपीठाचे लोक चिडले, आणि अवघ्या तेरा अंकांनंतर मार्चअखेर पत्र बंद पडले. १६६६ च्या जानेवारीत ते पुन्हा सुरू झाले ते दुसऱ्या संपादकाच्या हाती, आणि आता टीका कमी व सारांश अधिक असा त्याचा सूर होता. ग्रंथपरीक्षणाच्या नियतकालिकाला वर्षही पुरे झाले नव्हते, एवढ्यात एक सनातन प्रश्न उभा राहिला : खरे बोलून बंद पडावे, की गोड बोलून चालू राहावे?

मासिक हिशेबाची खरी परंपरा मात्र लंडनची. राल्फ ग्रिफिथ्स नावाच्या पुस्तकविक्रेत्याने मे १७४९ मध्ये 'मंथली रिव्ह्यू' सुरू केले. प्रतिज्ञा अशी की, निघेल त्या प्रत्येक नव्या पुस्तकाची आणि चोपड्याची दखल घ्यायची. पुस्तकांचा लोंढा असा की, थोड्यांवर सविस्तर लिहायचे आणि बाकीच्यांना महिन्याच्या यादीत दोन-चार ओळींत उरकायचे, अशी सोय करावी लागली. तरीही मासिक चालले, आणि पुढे १८४५ पर्यंत टिकले. पण ज्याचे दुकान त्याच्याच हाती तराजू! स्वतः ग्रिफिथ्सने एका बदनाम कादंबरीची सोवळी केलेली संक्षिप्त आवृत्ती १७५० मध्ये छापली, आणि त्याच्याच मासिकात तिची भलामण झाली. ह्यात त्याला काही वावगे वाटले असेल, असे दिसत नाही.

ह्या ग्रिफिथ्सच्या घरी १७५७ मध्ये एक गरजू तरुण राहायला आला. जेवण, राहण्याची जागा आणि थोडा पगार, त्या बदल्यात पुस्तकपरीक्षणे लिहून द्यायची. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत रोज हे काम चाले, असे चरित्रकार सांगतात. ह्या तरुणाचे नाव ऑलिव्हर गोल्डस्मिथ. ज्याची 'व्हिकार ऑफ वेकफील्ड' एके काळी आपल्याकडच्या कॉलेजांतून वाचली जाई, तोच हा. बर्कच्या सौंदर्यविषयक ग्रंथावर त्याने इथेच लिहिले, ग्रेच्या कवितांवरही लिहिले. परंतु त्याची तक्रार होती की, मालक आणि मालकीणबाई दोघेही आपल्या लेखांत हात घालतात. मालकाची तक्रार अशी की, हा गृहस्थ आळशी आहे आणि वर पुन्हा मिजास दाखवतो. पाच-सहा महिन्यांत बिनसले.

पुढची हकीकत हसवते आणि रडवतेही. १७५८ च्या अखेरीस गोल्डस्मिथला शस्त्रवैद्याच्या मदतनिसाची परीक्षा द्यायची होती, पण अंगावर धड कपडे नव्हते. ग्रिफिथ्स शिंप्याकडे जामीन राहिला. मोबदला म्हणून गोल्डस्मिथने चार पुस्तकांची परीक्षणे लिहायची ठरली. परीक्षेत तो नापास झाला. घरमालकाला कर्जापायी अटक झाली, तेव्हा त्या कुटुंबाच्या मदतीसाठी त्याने तो पोशाख गहाण टाकला, असे सांगतात. परीक्षणासाठी आलेली चार पुस्तकेही उसन्या पैशांपोटी एका स्नेह्याकडे तारण गेली. ग्रिफिथ्सने संतापून मागणीपत्र धाडले. परीक्षणाला आलेली पुस्तके गहाण टाकावी लागणे ह्याहून परीक्षकाच्या पोटाचा प्रश्न अधिक स्पष्ट करून सांगता येणार नाही. वाङ्मयाचे मूल्यमापन उपाशी माणसाकडून, पानांच्या भावाने करून घेण्याची प्रथा तेव्हापासून रूढ झाली आणि ती अद्याप मोडलेली नाही.

त्या काळी परीक्षणाखाली सही नसे. कोणी कोणाची पाठ थोपटली आणि कोणी कोणाची कातडी सोलली, हे गुपितच राही. पण ग्रिफिथ्स होता हिशेबी. आपल्या संग्रहातल्या अंकांवर त्याने प्रत्येक लेखापुढे लेखकाची आद्याक्षरे टिपून ठेवली. ते अंक ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात पोचले, आणि बेंजामिन नँगल ह्या अभ्यासकाने १९३४ आणि १९५५ साली त्यांवरून सूची प्रसिद्ध केल्या. पावणेदोनशे वर्षांनी का होईना, वही उघडी झाली! निनावी लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता आपल्या घरी येऊ. १८६७ हे साल मराठी पुस्तकांच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी सरकारने पंचविसाव्या कायद्याने छापील पुस्तकांची नोंदणी सक्तीची केली, आणि त्रैमासिक याद्या निघू लागल्या. त्याच वर्षी रामचंद्र भिकाजी गुंजीकर ह्यांच्या संपादकत्वाखाली 'विविधज्ञानविस्तार' सुरू झाले, आणि पुस्तकपरीक्षण हे त्या मासिकाचे एक ठळक अंग बनले. एकाच वर्षी सरकारने पुस्तके मोजायला घेतली आणि तोलणाऱ्यांनाही एक हक्काची जागा मिळाली, असा हा योग. सरकारचा हेतू आपल्या प्रजेवर नजर ठेवण्याचा होता. तरी त्या मोजदादीचा उपयोग निराळाच झाला. १८९८ साली न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिले, तेव्हा त्यांना आधार होता तो ह्याच याद्यांचा. मराठीत आहेच काय, असे विचारणाऱ्यांपुढे त्यांनी वहीच उघडून ठेवली.

तोलणाऱ्यांत अग्रपूजेचा मान विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा. जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली. सात वर्षे, चौऱ्याऐंशी अंक, आणि जवळजवळ सारा मजकूर एकहाती! त्यांत वाचनावर निबंध आहे, ग्रंथांवरील टीकेवरही आहे. मराठी पुस्तकाकडे डोळे वटारून, पण गंभीरपणे पाहावे, हा धडा त्यांनी घालून दिला. पुण्यात 'किताबखाना' हे पुस्तकांचे दुकानही त्यांनीच काढले. मात्र त्यांची लेखणी दुकानाच्या गल्ल्याकडे पाहून चालत होती, असे त्यांचा वैरीही म्हणणार नाही.

पण शास्त्रीबोवांच्या तराजूतही एक खोट होती, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जोतीराव फुल्यांच्या लेखनाची त्यांनी 'माले'त जी संभावना केली, तीत भाषेच्या आणि व्याकरणाच्या चुकांची टवाळी मनसोक्त आहे. १८७३ च्या 'गुलामगिरी'त ज्या प्रश्नाने जोतीरावांचे अंतःकरण जळत होते, त्या प्रश्नाला त्या टवाळीत उत्तर नाही. ग्रंथ वाचला गेला, चुका मोजल्या गेल्या, पण ग्रंथ ज्याच्याविषयी होता ते पाहिलेच गेले नाही. पुढे १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा जोतीरावांनी निमंत्रण नाकारले. ज्यांना आमच्या हक्कांची पर्वा नाही त्यांच्या मेळाव्याशी आमचे जुळायचे नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. त्या नकाराची कारणे एका परीक्षणाहून पुष्कळ खोल होती हे खरे. तथापि मराठी वाचकाच्या हिशेबात एक भला मोठा रकाना कोरा राहिला होता, आणि तो भरायला पुढे कैक दशके लागली.

अशा वेळी आठवण होते ती शंकर गणेश दाते ह्यांची. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' त्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केली, आणि १९५० पर्यंतचा दुसरा भाग १९६१ साली. सूचीकाराला आवडनिवड नसते. थोरांचे महाकाव्य आणि कोणा अनामिकाचे आरत्यांचे चोपडे त्याच्या पानावर शेजारी बसतात. टीकाकाराने ज्याला हाकलून दिले, त्यालाही सूचीकार दारात उभे करून घेतो, म्हणून पुढच्या पिढीला त्याची पुन्हा भेट घेता येते. टीकाकार चुकला तर ती चूक सुधारण्याची सोय सूचीकार करून ठेवतो. दोघांपैकी थोर कोण, ह्या वादात मी पडत नाही. परंतु एकावाचून दुसऱ्याचे भागत नाही, एवढे निश्चित.

शेवटी एक कबुली देऊन टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नियतकालिकासाठी मी दर महिन्याला पुस्तकांवर लिहीत असे. एका महिन्यात सहा पुस्तके आली आणि मुदत चार दिवसांची. त्यांतल्या एका जाड कादंबरीची मी प्रस्तावना वाचली, मधली काही पाने चाळली, शेवट पाहिला आणि 'कथानक मध्यंतरी रेंगाळते' असे ठोकून दिले. महिन्याभराने त्या लेखकाचे कार्ड आले. तक्रार नव्हती. त्यांनी एवढेच विचारले होते की, कोणत्या प्रकरणापासून रेंगाळते ते कळवाल तर दुसऱ्या आवृत्तीत सुधारीन. मी उत्तर पाठवले नाही. पाठवणार काय?

मामांच्या वह्यांची खरी किंमत मला त्या दिवशी कळली. नऊ वह्यांत त्यांनी किती पुस्तके पूर्ण वाचली, ह्याची बेरीज मी कधी केली नाही. माझी नजर जाते ती दुसऱ्या आकड्यावर. 'अर्धवट दोन' हे शब्द त्यांनी दर महिन्याला, कोणी पाहणार नाही हे ठाऊक असताना, स्वच्छ अक्षरात लिहिले होते. आणि अर्धवट राहिलेल्या पुस्तकांपुढे शेऱ्याचा रकाना त्यांनी कोरा सोडला होता.