पिकअपची रिम बदलताना ऑफसेट का पाहावा?

सापगावहून शहापूर किंवा मुरबाडला माल वाहणाऱ्या पिकअपला रुंद रिम शोभते खरी, पण आधी ऑफसेट पाहा. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचे मिलिमीटरमधले अंतर म्हणजे ऑफसेट. मूळ ४० ऐवजी २० ऑफसेटची, तेवढ्याच रुंदीची रिम लावली तर चाक २० मिमी बाहेर येते. बेअरिंगवर ताण वाढतो. गाडी भरलेली असताना टायर मडगार्डला घासू शकतो.

टायरचा व्यासही मोजा. २१५/७५ आर १५ सुमारे ७०४ मिमी, २३५/७५ आर १५ सुमारे ७३४. मूळ टायरवर अचूक असलेला काटा मग ६० दाखवेल, तेव्हा गाडी साडेबासष्टने धावत असेल.

आणि भारक्षमता मूळ रिमपेक्षा कमी असलेली रिम मालाच्या गाडीला नकोच, कितीही देखणी असली तरी.