क्वार्टर गेटचं पेशवेकालीन चर्च

शाळेत माझ्या शेजारी बसणारा मित्र सिटी चर्चच्या पॅरिशमधला. इतिहासाच्या तासाला इंग्रज आले की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "तुझे लोक आले रे!" तो हसायचा. मीही हसायचो.

बऱ्याच वर्षांनी, एका नाताळात, त्याच्याबरोबर क्वार्टर गेटजवळच्या त्या चर्चमध्ये पहिल्यांदा गेलो. चर्चची स्थापना कधीची, असं सहज विचारलं. तो म्हणाला, १७९२. मी मनातल्या मनात वजाबाकी केली. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये, म्हणजे पुण्यावर इंग्रजांचं राज्य येण्याच्या २६ वर्षं आधी हे चर्च इथं होतं. आणि त्यासाठी जागा दिली होती सवाई माधवराव पेशव्यांनी. तेव्हा त्यांचं वय होतं अठरा.

पेशव्यांना चर्चशी काय देणंघेणं? उत्तर लष्करात आहे. पानिपतानंतरच्या काळात मराठी फौजांमध्ये तोफखान्याला आणि कवायती पायदळाला महत्त्व येत गेलं, आणि ते काम जाणणारे गोवेकर ख्रिस्ती, पोर्तुगीज आणि इतर युरोपीय लोक चाकरीला आले. १७९२ सालीच महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात आले, तेव्हा त्यांच्याबरोबरही युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या पलटणी होत्या. पेशव्यांच्या चाकरीतला एक पोर्तुगीज अधिकारी होता दोम मिगेल द नरोन्हा. आपल्या माणसांना प्रार्थनेसाठी जागा हवी, असं त्यानं मागितलं आणि ती मिळाली. आधी लहानसं प्रार्थनास्थळ झालं, पाद्री गोव्याहून आले. आज दिसते ती इमारत १८५२ ची. कॅम्पातलं सेंट मेरी इंग्रजांनी आपल्या पलटणींसाठी बांधलं, ते १८२५ चं. सिटी चर्चच्या पुढे ते धाकटंच.

आता गोष्टीची दुसरी बाजू. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्यामागे एक आहे. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. म्हणजे ज्या कारभाऱ्याच्या घाटावर चर्चची घंटा वाजत होती, त्याच्याच कारभारात पुण्यात नव्या चर्चला जागा मिळाली. मला यात विसंगती वाटत नाही. वसईचे पोर्तुगीज शत्रू होते, नरोन्हा चाकरीतला माणूस होता. उदारपणा म्हणा की व्यवहार, तोफा डागणारा माणूस टिकवायचा तर त्याच्या देवाची सोय करावीच लागते.

गंमत पुढेच आहे. १८९० मध्ये, सिटी चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली काही प्रतिष्ठित मंडळी चहा प्यायली. रानडे होते, टिळक होते. त्या चहावरून ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. पेशव्यांनी जमीन दिली त्याला तेव्हा जेमतेम शंभर वर्षं होत होती, आणि त्याच शहरात एक कप चहा पचला नाही. शाळेत आम्हाला चहाची गोष्ट शिकवली. जमिनीची नाही. शिकवली असती तर मागच्या बाकावरचा तो आवाज निदान थोडा अडखळला असता.

गेल्या पावसाळ्यात मेणवलीला गेलो होतो. घंटेवरच्या मेरीचा फोटो काढून मित्राला पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, "ही आमची. परत कधी देताय?" आणि खाली हसणारे तीन चेहरे.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.