आगगाडीचे गाव आणि नाटकाचा तंबू

नाटकाने कोणाचे पोट भरत नाही, असे आपल्याकडील वडीलधारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात स्ट्रॅटफर्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याचा इतिहास वाचला म्हणजे या उपदेशाला निदान एक अपवाद आहे, असे आम्हांस कबूल करावे लागते.

गाव आगगाडीचे. १८७१ पासून तेथे रेल्वे-इंजिने दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना असे व त्याच्यावर पुष्कळ कुटुंबांची चूल पेटे. दुसरा धंदा लाकडी सामानाचा. पण १९३३ साली त्या कामगारांनी संप केला तेव्हा गावात लष्कर येऊन उभे राहिले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर वाफेची इंजिने मागे पडून डिझेलची आली, आणि कारखान्याचे दिवस भरत आले हे जाणत्यांस दिसू लागले.

अशा वेळी याच गावात जन्मलेला टॉम पॅटरसन हा तरुण पत्रकार एक चमत्कारिक सूचना घेऊन पुढे आला. गावाचे नाव शेक्सपिअरच्या जन्मग्रामाचे, नदीचे नावही एव्हन. मग येथे शेक्सपिअरची नाटके का होऊ नयेत? त्याला नाट्यव्यवसायाचा अनुभव मुळीच नव्हता. तरीही १९५२ साली नगरसभेने त्यास न्यूयॉर्कच्या वारीसाठी १२५ डॉलर दिले. ती वारी फुकट गेली. परंतु त्याच उन्हाळ्यात विख्यात दिग्दर्शक टायरोन गथ्री गाव पाहून गेला आणि त्याने होकार दिला. त्याची अट एकच होती: रंगमंच असा हवा की प्रेक्षक त्याच्या तिन्ही बाजूंस बसतील.

१९५३ च्या वसंतात पैसा संपला. बेत सोडून द्यावा की काय, अशी चर्चा सुरू झाली. तेव्हा गावातल्याच बांधकामाच्या ठेकेदाराने बिलाची वाट न पाहता काम चालू ठेवले. मग देणग्याही आल्या. आम्हांस येथे आपल्या सांगलीची आठवण होते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तेथे ‘सीतास्वयंवर’ केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली ते वारले आणि भाव्यांस नाटकमंडळी घेऊन गावोगाव हिंडणे प्राप्त झाले. स्ट्रॅटफर्डास राजा नव्हता, ठेकेदार होता.

१३ जुलै १९५३ रोजी एका प्रचंड तंबूत ‘तिसरा रिचर्ड’ नाटकाचा पहिला प्रयोग झाला. अॅलेक गिनेससारखा नट मुख्य भूमिकेत होता. प्रेक्षकांस उतरावयास पुरेशी जागा नव्हती, म्हणून गावकऱ्यांनी आपली घरे उघडली. १९५७ साली पक्के नाट्यगृह उभे राहिले. त्याचे छप्परही तंबूची आठवण देणारे केले. १९६४ साली रेल्वेचा कारखाना बंद झाला, तेव्हा गावापाशी दुसरा रोजगार होता: खाणावळी, उतारूंच्या खोल्या, पोशाख शिवणारे, देखावे उभारणारे सुतार.

तथापि या हकिगतीस आम्ही परीकथा म्हणणार नाही. बॉयलर जोडणाऱ्या हाताला मखमल शिवता येत नाही. कारखान्याची मजुरी बारमाही होती, नाटकाचा हंगाम तसा नव्हे. शिवाय ज्या गावाने एका धंद्याचे ओझे उतरवले, त्याने दुसऱ्याचे घेतले. २०२० साली साथीमुळे सारा हंगाम रद्द झाला, तेव्हा बाहेरगावच्या प्रेक्षकांवर चालणाऱ्या खाणावळींस त्याची झळ लागली. पुढल्याच वर्षी, २०२१ साली, मंडळींनी उघड्यावर मांडव घालून प्रयोग केले.